पडझडीनंतर उभं कोण राहतं?

(जालना जिल्ह्यातील एकल महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो आणि लांबलांबच्या गावांहून एस. टी. बदलत इथवर आलेल्या माझ्या कार्यकर्त्या बहिणींनो,

मला 'आपत्ती आणि स्त्रिया' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. आपत्ती हा कागदावरचा शब्द झाला. आपल्याकडची म्हातारी माणसं तो वापरत नाहीत. ती नुसतं 'दुष्काळात' असं म्हणतात. कोणत्या दुष्काळात, असं आपण विचारत नाही. त्यानंतर या जिल्ह्याने कितीतरी दुष्काळ पाहिले. 2012-13 सालात तर पिढीभर जोपासलेल्या मोसंबीच्या बागा लोकांनी डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या. तरी 'दुष्काळात' म्हटलं की ते 1972 चं साल.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली तेव्हा आम्हाला आपत्ती व्यवस्थापनाचा एक पेपर होता. त्यात एक यादी पाठ करावी लागे. आपत्तीत सर्वात आधी कोलमडणारे दुर्बल घटक कोणते? लहान मुलं, वृद्ध, अपंग आणि स्त्रिया. मीही ती यादी लिहिली, मला मार्कही चांगले पडले. मग मी इथे कामाला आले, गावोगावी बैठका घ्यायला लागले, आणि एका बाईने मला त्या यादीबद्दल विचार करायला लावला. आज मी तिच्याबद्दल बोलणार आहे. तिचं नाव मी सांगणार नाही. मी तिची परवानगी मागितली तेव्हा ती म्हणाली, "ताई, नाव सात-बाऱ्यावर लागलं पाहिजे. पुस्तकात लागून काय करू?" तेव्हा आपण तिला नुसतं मावशी म्हणू.

आधी त्या सालाबद्दल थोडं सांगते, कारण इथे तरुण मुली पुष्कळ आहेत.

जालन्याला 'सोने का पालना' म्हणायची पद्धत आहे. बाजारपेठ मोठी, कापसाचा व्यापार मोठा, आणि पुढे बियाण्यांचा धंदा. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि जालन्याचं बियाणं देशभर गेलं. पण हा पाळणा शहराच्या पेठेत हलत होता. तेव्हा जालना जिल्हाही नव्हता. जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. आपला जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी.

1970 पासून पाऊस हुलकावण्या देत होता. 1972 च्या पावसाळ्यात तर त्याने पाठच फिरवली. आधी विहिरी आटल्या, मग कडबा संपला. कडबा संपला की बैल विकावे लागतात. बैल गेले की पुढच्या वर्षी पाऊस पडला तरी शेत कशाने नांगरायचं? बैल नाही म्हणजे सुताराला काम नाही, लोहाराला काम नाही, चांभाराला काम नाही. खळंच झालं नाही तर बलुतं कुठून द्यायचं? गाव नावाची जी एकमेकांत गुंतलेली वीण होती, ती अशी एकेक टाका उसवत गेली. लग्नं थांबली. पुरुष मुंबईकडे, साखर कारखान्यांकडे, मिळेल तिकडे गेले. काही परत आले, काही आले नाहीत. मागे राहिल्या बाया, म्हाताऱ्या आणि लेकरं. समाज कोसळतो म्हणजे काय होतं, हे बघायला आपल्याला लांब जायला नको.

आता मावशी. तेव्हा तिचं वय सतरा-अठरा असेल, जन्मतारीख तिलाही ठाऊक नाही. तेराव्या वर्षी लग्न झालेलं. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला माहेरी आणून सोडलं. आपल्याकडे अशा बाईला 'टाकलेली' म्हणतात. भांडं टाकावं, चिंधी टाकावी, तशी टाकलेली. माहेरी वडील, आई, दोन मोठे भाऊ, त्यांच्या बायका. हिची जागा ओसरीच्या कोपऱ्यात. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, कोणाच्या ओटीला हात लावायचा नाही. भावजया चुलीजवळही फार येऊ देत नव्हत्या.

सुगीनंतर रानात पडलेली कणसं वेचायला गरीब बाया जातात. आपण त्याला सरवा वेचणं म्हणतो. घरची जमीन असूनही ही लोकांच्या रानात सरवा वेचायला जायची. कारण घरच्या कणगीतल्या दाण्यावर आपला हक्क नाही, हे तिला कळलेलं होतं. त्या सरव्यातली निवडक कणसं ती बाजूला ठेवी. दाणे काढून, लिंबाचा पाला घालून, राखेत मिसळून तिने दोन मडकी भरली होती. वर शेणाने लिंपून ती गोठ्यातल्या गव्हाणीखाली पुरली होती. मी विचारलं, "मावशी, दुष्काळ येणार हे तुम्हाला कळलं होतं का?" ती म्हणाली, "दुष्काळ कशाचा कळतोय? मला घरातून हाकलतील, हे कळत व्हतं. त्या दिवसासाठी ठिवलं व्हतं."

हे नीट ऐका. गाव मोडायच्या आधीच तिचं जग मोडलं होतं. त्यामुळे गाव मोडलं तेव्हा काय करायचं, याचा सराव त्या घरात एकटीला होता. तिचंच एक वाक्य सांगते. "गाव चांगलं व्हतं तवा बी मी गावाबाहेरच व्हते. मग गाव मोडलं तं मला काय नवं?"

भाऊ निघून गेले. वडिलांनी हाय खाल्ली, ते बाजेवर पडून राहिले. भावजया आपापल्या माहेरी गेल्या, तिथेही तीच गत होती. मग ही आईला घेऊन कामावर गेली. तीन-चार कोसांवर पाझर तलावाचं काम निघालं होतं. तुमच्यापैकी ज्या साठीच्या पुढच्या आहेत, त्यांना हे सगळं आठवत असेल. बोटांना चिंध्या गुंडाळून खडी फोडणं, डोक्यावर मातीचं टोपलं, लेकरू झाडाखाली झोळीत. दुपारी सुकडी वाटायचे. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी धड थापली जात नव्हती. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. त्यात बायांची संख्या फार मोठी होती. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या मैत्रिणी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. तिकडे बायांच्या हातात लाटणं होतं, इकडे हातोडा होता.

त्या कामावर मावशीच्या आयुष्यात एक गोष्ट पहिल्यांदा घडली. मुकादमाने मस्टरवर तिचं नाव लिहिलं. त्याने विचारलं, नवऱ्याचं नाव काय? ती म्हणाली, बापाचं लिहा. त्याने लिहिलं. शनिवारी पगार वाटताना नाव पुकारलं गेलं आणि पैसे तिच्या हातात पडले. ती मला सांगत होती, तेव्हा पन्नास वर्षं उलटून गेली होती, पण नाव कसं पुकारलं ते तिने मला उभं राहून, मोठ्या आवाजात करून दाखवलं. सरकारने तिच्यावर मेहरबानी केली असं मी म्हणत नाही. ऊन, धूळ, मापात मारलेली काट, मुकादमाची नजर, हे सगळं तिथे होतंच. पण टाकलेल्या बाईला मजूर म्हणून स्वतःचं नाव मिळालं, ते गाव मोडल्यावर मिळालं. गाव शाबूत होतं तेव्हा नाही मिळालं. याचा विचार आपण करायला पाहिजे.

आता बियाण्याची गोष्ट. ही मी जड मनाने सांगते.

कामावर जायच्या आधीचे दोन महिने फार वाईट गेले. घरात दाणा नव्हता. आईला तापही होता. आईला संशय होता की लेकीने कुठेतरी काहीतरी लपवलंय. तिने विचारलं. मावशीने आईच्या अंगावर हात ठेवून सांगितलं, काही नाही. आईने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. रात्री आई भुकेने कण्हत होती आणि ही गव्हाणीपाशी जाऊन बसत होती, आणि तशीच परत येत होती. तिने मडकी उकरली नाहीत. आई त्या दुष्काळात गेली नाही, कामावरच्या सुकडीने तरली, पुढे पुष्कळ वर्षं जगली. पण 1973 च्या मृगात चांगला पाऊस झाला आणि मडकी बाहेर निघाली, तेव्हा आईला सगळं कळलं. ती काही बोलली नाही. मरेपर्यंत लेकीच्या हातची भाकरी मात्र तिने सरळ हाताने घेतली नाही. "मायनं मला माफ केलं न्हाई," मावशी म्हणते, "आन् तिचं बी बरोबरच व्हतं."

त्या पावसानंतर गावात बहुतेकांकडे पेरायला काही नव्हतं. बियाणं खाऊन संपलं होतं. संकरित बियाणं घ्यायला पैसा नव्हता आणि सावकार सवाई-दिडीशिवाय दाणा देत नव्हता. मावशीने आधी घरचं दीड एकर पेरलं. बैल नव्हता, ती आणि आई दोघींनी कुदळीने सऱ्या ओढल्या. उरलेलं बियाणं तिने शेराने मोजून पाच-सहा घरी दिलं. अट एकच, जेवढं नेलं तेवढंच सुगीला आणून द्यायचं. सवाई नाही, दिडी नाही. ती घरं कोणाची होती? एक विधवा, दोन नवरा परागंदा झालेल्या, एक महारवाड्यातली म्हातारी, आणि एक चक्क त्या बाईचं, जिने हिला हळदीकुंकवाच्या ताटापासून उठवलं होतं. "तिला का दिलं?" मी विचारलं. "तिचं रान मह्या रानाला लागून व्हतं. एकटं रान पिकलं तं पाखरं सगळं एकट्यालाच खातेत."

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. त्यात उपकाराची भाषा नाही, क्षमेची नाही. शेजारचं रान पडीक राहिलं तर आपलंही राहत नाही, एवढा साधा हिशोब आहे. सिनेमात जग बुडाल्यावर एक तगडा पुरुष बंदूक घेऊन उरतो आणि एकटाच सगळ्यांना वाचवतो. आपल्या रानात एक टाकलेली बाई दोन मडकी जपते आणि ती शेजारणीबरोबर पेरते. गाव पुन्हा उभं राहतं ते या दुसऱ्या रीतीने.

पण म्हणून दुष्काळाने सगळ्यांना एका पातळीवर आणलं, अशा भ्रमात कोणी राहू नका. पडझडीत जात मोडत नाही, उलट धारदार होते. 1972 मध्येच परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यासाठी विहिरीवर गेल्या म्हणून दलित बायांची नग्न धिंड काढली गेली. दुष्काळ सगळ्यांना होता, पण त्याची सर्वात मोठी शिक्षा कोणाच्या शरीराला झाली ते बघा. आपल्या तलावाच्या कामावरही पाण्याचे माठ दोन होते. मावशीने मला हे आपणहून सांगितलं नाही, मी विचारल्यावर खाली बघून सांगितलं. महारवाड्यातल्या त्या म्हातारीला बियाणं दिलं, पण तिच्या माठातलं पाणी आपण तेव्हा प्यालो नाही, हे ती आज कबूल करते. आपल्या नायिकाही आपल्याच समाजातून येतात, मैत्रिणींनो. त्यांना देवी करून मखरात बसवलं की त्यांनी काय सोडलं आणि काय सोडलं नाही, हे विचारायची सोय राहत नाही.

आपला इतिहास अशा बायांचं काय करतो? तीनशे नव्वद-एक वर्षांपूर्वी, 1630 च्या आसपास, दख्खनमध्ये महाभयंकर दुष्काळ पडला होता. त्यात तुकाराम महाराजांची पहिली पत्नी रखमाई गेली, मुलगाही गेला. तुकोबांचं दुकान बुडालं. त्या दुःखातून ते विठ्ठलाकडे वळले, हे आपण सगळ्या लहानपणापासून ऐकतो. पण त्या मोडलेल्या घरात लेकरांच्या तोंडात घास कोणी घातला? दुसरी पत्नी जिजाई, म्हणजे आवली हिने. आणि आवलीची आठवण आपण काय ठेवली? कजाग, तोंडाळ, नवऱ्याच्या भक्तीच्या आड येणारी. कीर्तनात तिचा उल्लेख आला की लोक हसतात. दुष्काळातून बाहेर पडलेल्या घरात दाणा किती उरला आहे हे जिला रोज पाहावं लागतं, तिचा आवाज चढणारच. तुकोबांबद्दल मला आदर आहे. मी एवढंच म्हणते की त्या घराच्या गोष्टीत आवलीलाही मानाने जागा द्या.

मग अशा बाईला नुसती गोष्टीत जागा देऊन भागतं का? नाही. तिच्या कामाला काम म्हणून मान्यता लागते. तसं एकदा झालेलं आहे आणि आपल्या मराठवाड्यातच झालं आहे, म्हणून सांगते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादमध्ये भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर ही नावं तुम्हाला माहीत आहेत. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. बावन्न गावं दुसरीकडे नव्याने वसवावी लागली आणि त्याशिवाय हजारावर गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. सुरुवातीला काय होत होतं? अधिकारी यायचे, पुरुषांशी पारावर बोलायचे, निघून जायचे. घर बाई सारवते, बाई वापरते, पण भिंत कशी बांधायची हे तिला कोणी विचारत नव्हतं. मग 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने, प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आग्रह धरला आणि गावातल्याच बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आलं. ज्यांनी तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, त्या बाया पाया किती खोल घ्यायचा, भिंतीला आडवा पट्टा कुठे द्यायचा, हप्ता का अडला, हे इंजिनिअरला विचारायला लागल्या. 2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बाया तिथल्या बायांना आपला अनुभव सांगायला गुजरातला गेल्या. माझ्या परीक्षेच्या यादीतल्या त्या 'दुर्बल घटक'!

बहात्तरच्या दुष्काळातूनही एक चांगली गोष्ट उभी राहिली होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर पसरली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला व्यवसाय कर खेड्यातल्या मजुरासाठी वापरायचा, अशी त्यातली योजना होती. त्यात कामाचा हक्क प्रत्येक प्रौढ माणसाला होता, बाईला वेगळा, पुरुषाला वेगळा. 2005 साली केंद्राचा कायदा आला, तो देशभर लागू झाला हे चांगलंच झालं. पण त्यात हमीचं माप घर हे ठरलं, घरटी शंभर दिवस. आता सांगा, टाकलेल्या बाईचं घर कोणतं? भावाच्या घरात ती राहते, म्हणून कार्ड भावाच्या घराचं. दिवस भाऊ-भावजयीने भरले की हिच्या वाट्याला शून्य. जिथे जिथे सरकार 'कुटुंब' हे माप धरतं, तिथे तिथे एकल बाई मापातून खाली सांडते. रेशनमध्ये हेच, घरकुलात हेच.

2020 साली पुन्हा एकदा सगळं ठप्प झालं. त्या मे महिन्यात जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातली मध्य प्रदेशातली पोरं रुळाच्या कडेने पायी गावाकडे निघाली. 8 मे च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेली असताना मालगाडीखाली त्यातली सोळा जणं गेली. रुळावर पडलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्यांच्या मागे त्यांच्या गावी राहिलेल्या बायांचं पुढे काय झालं, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं? आपल्या जिल्ह्यातही कोविडने विधवा झालेल्या कितीतरी मैत्रिणी आज या मांडवात बसल्या आहेत. 2021 मध्ये त्यांच्यासाठी 'मिशन वात्सल्य' निघालं, तालुक्याला बैठका झाल्या. पण मी ज्या-ज्या घरी गेले, तिथे पहिला प्रश्न मदतीचा नव्हता. पहिला प्रश्न होता, दीर म्हणतो सही कर, करू का?

इथे मी माझ्यापाशी येते. मला हे सांगताना लाज वाटते, पण आज नाही सांगितलं तर पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

चार वर्षांपूर्वी माझे वडील गेले. तेराव्यानंतर भावाने सांगितलं, हक्कसोडपत्राचे कागद तयार आहेत. मी एम. एस. डब्ल्यू. झालेली. 1994 च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीवर, 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीवर मी शिबिरं घेते. 11 ऑगस्ट 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे हे स्पष्ट केलं, हे मी फळ्यावर लिहून शिकवते. आणि मी कचेरीत जाऊन सही केली. का केली? आई समोर बसली होती. माहेरचा उंबरा बंद होईल असं वाटलं. दिवाळीला कोणी बोलावणार नाही असं वाटलं. भावाने मला साडी घेतली. दोन एकरांच्या वाट्याला एक साडी.

त्यानंतर महिनाभराने मी मावशीकडे बसले होते. तिचे भाचे तिच्याकडेही हक्कसोडाचा कागद घेऊन आले होते. वडिलांच्या मागे वारस नोंद करताना हिचं नाव लावलंच नव्हतं. सरकारी कागदावर ती मुलगी म्हणून नव्हतीच. आता जमिनीला भाव आला, तेव्हा कोणीतरी सांगितलं की बहिणीचा हक्क निघू शकतो, कागद करून ठेवा. बाप 1956 नंतर वारला असेल तर त्याच्या हिश्श्यात लेकीला वाटा आहेच, एवढं तिला आमच्या बैठकीत कळलेलं होतं. तिने अंगठा दिला नाही. भाचे म्हणाले, आत्या, तुला आम्ही सांभाळतोच की. ती म्हणाली, "सांभाळता म्हंजे मी कणगीतला दाना हाय का? दुष्काळात हे रान म्या पेरलं. मह्यं नाव लावा, मग खुशाल सांभाळा."

त्या दिवसापासून तिची चूल वेगळी झाली. सणाला ताट येत नाही. वारस नोंदीचा तिचा अर्ज आज तहसीलला आहे. तारखा पडतात, ती काठी टेकत जाते, आमची एखादी कार्यकर्ती बरोबर असते. निकाल लागलेला नाही. कधी लागेल, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण मला त्या दिवशी कळलं की दुष्काळात आईशी खोटं बोलून बियाणं वाचवणं आणि आज भाच्यांना नाही म्हणणं, ही एकाच बाईची एकच ताकद आहे. आणि ती ताकद माझ्याकडे, एवढं शिकून, नव्हती.

मैत्रिणींनो, संकटात बाई खंबीर असते, ती घर सावरते, असं म्हणणारे भाषणबाज पुष्कळ भेटतात. आठ मार्चला तर फारच भेटतात. त्यांना एवढंच विचारा, ती सावरते ते घर कोणाच्या नावावर आहे? ती पेरते ते रान कोणाच्या नावावर आहे? पडझड झाली की तिला पुढे करायचं आणि घडी बसली की तिला पुन्हा ओसरीच्या कोपऱ्यात पाठवायचं, हे आता पुरे झालं. नव्वदच्या आसपास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती' काढली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. ते चांगलंच होतं. पण ज्यांना नवराच नाही, त्यांना कोण देणार? त्यांना बहीण म्हणून, लेक म्हणून मागावं लागेल.

म्हणून आज जेवून घरी परतण्याआधी तीन गोष्टी ठरवू.

पहिली, रेशनकार्ड. एकटी राहणाऱ्या, वेगळी चूल असणाऱ्या प्रत्येकीने स्वतंत्र कार्डाचा अर्ज करायचा. एकटीने जायचं नाही, गावातल्या सगळ्याजणींनी एका दिवशी जायचं. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

दुसरी, सात-बारा. प्रत्येकीने बापाच्या आणि नवऱ्याच्या गटाचा उतारा काढून आणायचा आणि पुढच्या बैठकीत एकत्र वाचायचा. आपलं नाव आहे की नाही, एवढं तरी डोळ्यांनी पाहू. मागायचं की नाही हे प्रत्येकीने आपापलं ठरवावं. मी सही केलेली बाई आहे, मी कोणावर जबरदस्ती करणार नाही. पण कागद न वाचता, कोणी घाई केली म्हणून, रडत रडत सही करायची नाही. आठ दिवस मागून घ्यायचे आणि त्या आठ दिवसांत आपल्या गटात येऊन बोलायचं. मला तेव्हा कोणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तिसरी गोष्ट मावशीची आहे. प्रत्येक गटाने आपापलं गावरान बियाणं ठेवायचं. ज्वारी, तूर, अंबाडी, भोपळा, जे असेल ते. देवघेव शेरास शेर. सवाई नाही, दिडी नाही. बारवाले यांना बियाण्याच्या कामासाठी 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, जालन्याला त्याचा अभिमान आहे. राखेत दाणा जपणाऱ्या बायांना कोणी पुरस्कार देणार नाही. न देवो. पण पुढच्या वाईट सालात ती मडकी गोठ्यात पुरून ठेवायची पाळी येऊ नये आणि कोणा लेकीला आईशी खोटं बोलायला लागू नये. म्हणून बियाणं एकीच्या घरी लपून राहण्यापेक्षा सगळ्यांच्या घरी उघड असलेलं बरं.

मावशी आज इथे आली आहे. कुठे बसली आहे ते मी सांगणार नाही. तिने मला बजावलंय की भाषण लांबवू नको, बायांना शेवटची गाडी गाठायची असते. म्हणून थांबते. जाताना दारापाशी वहीत आपलं नाव लिहा. नवऱ्याचं नाव विचारलं तर सांगायची गरज नाही. स्वतःचं नाव पुरे आहे.